गंगाखेडची गोदावरी आणि राजमहेंद्रीची गोदावरी: पाणी एका टोकाला, परंपरा दुसऱ्या टोकाला, असे का?

प्रश्न (लेखन: गंगाकाठ, परभणी जिल्हा)

नमस्कार. माझे बालपण गंगाखेडला गेले. आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. ‘गंगेला पाणी आलं’, ‘गंगेवर जाऊन येतो’, असेच बोलतात. गावाच्या नावातही तीच गंगा आहे. संत जनाबाईंचे हे गाव, त्यामुळे नदी आणि अभंग या दोन गोष्टी आम्हाला लहानपणी वेगळ्या कधी वाटल्याच नाहीत. मात्र त्या गंगेत पाणी किती असायचे, हे सांगताना मन खट्टू होते. उन्हाळ्यात पात्राच्या मधोमध एखादी धार, दोन-चार डोह आणि बाकी सगळे वाळवंट. कित्येक वर्षी ती धारही दिसली नाही.

गेली दोन वर्षे मी नोकरीनिमित्त आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीला राहतो. पहिल्या पावसाळ्यात रेल्वेने पुलावरून येताना मी खिडकीतून पाहत राहिलो आणि पाणी काही संपेना. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा तो पूल ओलांडताना शेजारच्या प्रवाशाने हात जोडले आणि ‘गोदारम्मा’ असे म्हटले, तेव्हा क्षणभर मला खरोखरच प्रश्न पडला की ही आणि आमची गंगा एकच आहे का.

तेव्हापासून दोन शंका मनात आहेत. पहिली अशी की, गंगाखेड ते राजमहेंद्री या अंतरात एवढे पाणी येते कोठून? दुसरी शंका मला अधिक छळते. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड ही आपली सगळी मोठी स्थाने नदीच्या वरच्या, कमी पाण्याच्या भागात आहेत. जेथे पाणी कमी, तेथे परंपरेचा एवढा भार का, आणि जेथे पाणी अफाट, तेथे तो का नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1 (लेखन: निवृत्त अभियंता, जलसंपदा)

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देऊ शकेन. नोकरीची बरीच वर्षे मी याच खोऱ्यात काढली आहेत. दुसरी शंका माझ्या आवाक्याबाहेरची आहे, ती मी इतरांवर सोपवतो.

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. नदीची लांबी आणि नदीचे पाणी यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो. पाणी ठरते ते पाणलोट क्षेत्रावर आणि त्या क्षेत्रात पडणाऱ्या पावसावर. गोदावरीची एकूण लांबी 1465 किलोमीटर असून तिचे खोरे 3,12,812 चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे. यापैकी जवळपास निम्मे खोरे महाराष्ट्रात येते. हे ऐकून साहजिकच वाटते की निम्मी नदी आपल्या गावांवरून वाहत असणार. प्रत्यक्षात पैठणला, जायकवाडीच्या धरणापाशी, नदीचे पाणलोट क्षेत्र भरते अवघे 21,750 चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण खोऱ्याच्या सुमारे सात टक्के. आपण ज्या नदीला गंगा म्हणत मोठे झालात, ती या सात टक्क्यांत थोडी भर पडून झालेली नदी आहे.

त्यातही पाऊस कोठे पडतो ते पाहावे. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर आहे; परंतु दख्खनचे पठार पूर्वेकडे उतरते असल्यामुळे नदी समुद्राकडे पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक ओझे उतरवतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तेथून शे-दीडशे किलोमीटर पूर्वेला आले की तो पाचशे-सहाशेवर येतो. वैजापूर, गंगापूर, पैठण हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. म्हणजे वरच्या गोदावरीला भरीव पाणी देणारी पट्टी घाटमाथ्याची, रुंदीला फारच थोडी, आणि त्या पट्टीतले पाणी अडवायला गंगापूर, दारणा, मुकणे, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे वरच उभी आहेत. दारणा आणि भंडारदरा तर इंग्रजी अमदानीतील. त्याखाली नाथसागर, म्हणजे जायकवाडीचाच जलाशय. त्याचा एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, आपल्या बोलीत 102 टीएमसी (अब्ज घनफूट). 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. वरच्या धरणांतून किती सोडायचे आणि नाथसागरात किती यायचे, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर काही वर्षांनी वाद पेटतो. 15 ऑक्टोबरला नाथसागरात पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडावे, हे मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये सुचवलेले सूत्र या वादातूनच आले. गंगाखेडच्या पात्रात आपण पाहिलेले वाळवंट हे या सगळ्या हिशेबाच्या शेवटी उरणारी बाकी आहे.

आता राजमहेंद्रीकडे येऊ. नांदेडच्या खाली, तेलंगणात शिरताच, कंदकुर्तीपाशी मांजरा मिळते. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटावर उगम पावून 724 किलोमीटर भटकून ती येते. तिचे क्षेत्र मोठे असले तरी तीही कोरड्या मुलखातून आलेली असते. खरा पालट होतो तो सिरोंच्याजवळ. तेथे प्राणहिता मिळते. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा या तिघींचे पाणी घेऊन आलेल्या या नदीचे पाणलोट क्षेत्र 1,09,078 चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण गोदावरी खोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनीकडून सातपुड्याचा पाऊस घेऊन येते, वर्धा मुलताईच्या परिसरातून. त्याखाली इंद्रावती, ओडिशातील कालाहांडीत उगम पावून बस्तरमधून येणारी, सुमारे 41,700 चौरस किलोमीटरची. आणि आणखी खाली शबरी, जिला ओडिशात कोलाब म्हणतात. या तिन्ही नद्या दाट जंगलाच्या आणि चांगल्या पावसाच्या प्रदेशातून येतात, शिवाय बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे वायव्येकडे सरकताना नेमके याच भागावरून जातात.

संपूर्ण नदीचा सरासरी वार्षिक प्रवाह सुमारे 110 अब्ज घनमीटर मानला जातो. काठोकाठ भरलेल्या नाथसागराची त्याच्याशी तुलना करून पाहिली की आपल्याला पुलावर जे जाणवले त्याचा उलगडा होईल. ऑगस्ट 1986 च्या महापुरात राजमहेंद्रीखालच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावरून 35 लाख क्युसेक पाणी गेले होते आणि भद्राचलमला नदी 75.6 फुटांपर्यंत चढली होती.

उत्तर 2 (लेखन: प्राणहिताकाठ, सिरोंचा)

वरील उत्तरात आमच्या गावाचा उल्लेख वाचून आनंद झाला, कारण गोदावरीवर मराठीत लिहिणारे बहुतेक लोक नांदेडला पोचले की लेखणी ठेवतात. नदी मात्र तेथे थांबत नाही. ती तेलंगणात जाते आणि पुन्हा महाराष्ट्राच्या कडेला येते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर ती आपली आणि तेलंगणाची हद्द बनून वाहते. आमच्या तालुक्यात घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि रानात माडिया व गोंडी अशा भाषा एका दिवसात कानावर पडतात.

संगमावर उभे राहिले तर डोळ्यांनाच कळते की कोणती नदी कोणाला मिळते आहे. पावसाळ्यात प्राणहितेचा लोंढा असा येतो की गोदावरीच पाहुणी वाटावी. समोरच्या काठावर कालेश्वरम. तेथील मुक्तेश्वराच्या मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत, एक शिवाचे आणि दुसरे यमाचे मानतात. वर वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची शिल्पसमृद्ध मंदिरे आहेत, ज्यांची महती विदर्भाबाहेर फारशी पोचलेली नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. म्हणून आपल्या प्रश्नातील ‘जेथे पाणी अफाट तेथे परंपरा नाही’ या वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. एप्रिल 2022 मध्ये गुरू मीन राशीत गेला तेव्हा प्राणहितेचे पुष्कर (नदीस्नानाचे पर्व) सिरोंच्याच्या घाटावर बारा दिवस भरले होते.

एक गोष्ट नदीच्या वयाविषयी. नाशिक ते नांदेड गोदावरी काळ्या कातळावरून, म्हणजे लाव्हाच्या थरांवरून वाहते. आमच्याकडे तो कातळ संपलेला असतो आणि नदी त्याहून कितीतरी जुन्या, खचलेल्या दरीतील वालुकाश्मावरून जाते. चंद्रपूरचा आणि सिंगरेणीचा कोळसा याच दरीतला. आमच्या तालुक्यात कोटा नावाचे गाव आहे, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत डायनोसॉरची हाडे सापडली; त्यांपैकी बारापासॉरस या अतिप्राचीन महाकाय प्राण्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. नदीच्या काठी देवळे बांधणारा माणूस येण्याच्या सोळा कोटींहून अधिक वर्षे आधी हे प्राणी येथे पाण्यावर येत असत.

उत्तर 3 (लेखन: नेवासे परिसर, मराठीचा निवृत्त अध्यापक)

आपली दुसरी शंका मला फार आवडली. ती बहुतेकांच्या मनात येत नाही, कारण गोदावरी पवित्र आहे हे आपण गृहीत धरतो आणि पुढे विचार थांबतो.

माझे मत असे की, परंपरा पाण्याच्या परिमाणाला चिकटत नाही. माणूस नदीत किती सहज उतरू शकतो, याला ती चिकटते. आपण आपल्या प्रश्नात ‘वाळवंट’ हा शब्द खंत म्हणून वापरला आहे, परंतु मराठीत नदीकाठच्या वाळूचे मैदान हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे, आणि आपल्या संस्कृतीचा मोठा भाग त्या वाळवंटावर घडला आहे. वर्षातील आठ महिने पात्राचा बराच भाग उघडा असतो म्हणून तेथे यात्रा भरतात, कीर्तने होतात, बाजार बसतात, घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत बांधता येतात. पैठणच्या एकनाथांची सर्वांना माहीत असलेली कथा आठवावी. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या घरातले एक मूल रडत उभे होते आणि नाथांनी सोवळ्याची पर्वा न करता त्याला कडेवर घेतले. ही कथा पावणेतीन किलोमीटर रुंद पाण्याच्या काठी घडू शकली नसती. तिला तापलेली वाळूच हवी होती. नाथांनी 1599 मध्ये देह ठेवला तोही याच पात्रात, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला आजही दिंड्या पैठणला येतात त्या त्यामुळेच.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारपेठांचा निर्देश आहे, आणि तेर ज्या तेरणा नदीवर आहे तिचे पाणीही मांजरेतून शेवटी गोदावरीतच जाते. उथळ नदी ओलांडता येते, त्यामुळे तिच्या उतारांवर व्यापारी वाटा एकत्र येतात आणि नगरे वसतात. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, माहाराष्ट्री प्राकृतात, गोदावरीचे नाव ‘गोला’ असे वारंवार येते. त्यातील एका गाथेत एक स्त्री कोणा धार्मिक गृहस्थाला सांगते की, तुम्ही आता खुशाल फिरा, तुम्हाला भिववणारा तो कुत्रा गोलेच्या काठच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारला. तिच्या मनात अर्थातच त्याने तिकडे फिरकू नये, असे आहे. आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे काव्यात सूचित होणाऱ्या अर्थाचा, विचार मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. भारतीय काव्यशास्त्रातील एका प्रमुख सिद्धांताच्या उदाहरणात आपल्या नदीचा काठ आहे, हे मी वर्गात सांगत असे तेव्हा मुले नकाशा काढून पैठण शोधू लागत.

तिसरी गोष्ट माझ्या गावाची. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितली गेली, आणि नेवासे प्रवरेच्या काठी आहे. तरीही ग्रंथाच्या शेवटी स्थान सांगताना माउली महाराष्ट्रमंडळात गोदावरीचा दक्षिण काठ सांगतात. प्रवरा येथून जवळच, प्रवरासंगमाला, गोदावरीत मिळते. स्वतः ज्या नदीकाठी बसले तिचे नाव न देता मोठ्या नदीचे नाव देणे, यातून त्या काळी गोदावरी ही केवळ एक नदी नसून आपल्या मुलखाची खूण झाली होती, असे मला वाटते. महानुभावांच्या लीळाचरित्रातही चक्रधरस्वामींचे कितीतरी प्रसंग या काठावरच्या गावांत घडतात. ‘गंगथडी’ हा प्रदेशवाचक शब्दही त्यातलाच.

गौतम ऋषींची कथा सर्वांना माहीत असल्याने विस्तार करत नाही. गोहत्येच्या पापातून मुक्त होण्यासाठी त्यांनी शंकराच्या जटेतून गंगा आणली आणि निसटू पाहणाऱ्या तिला कुशावर्तात दर्भाने अडवले, एवढी आठवण पुरे. म्हणून ती गौतमी, आणि म्हणूनच तुमच्या घरी गंगा. नावाच्या या प्रवासात एक गंमतही आहे: राजमहेंद्रीखाली नदीचे फाटे फुटतात, त्यांपैकी एकाचे नाव गौतमीच आहे आणि दुसऱ्याचे वसिष्ठा.

सिरोंच्याच्या मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो पुढे नेतो. आपण ज्या राजमहेंद्रीत राहता, तेथेच अकराव्या शतकात पूर्व चालुक्य राजा राजराज नरेंद्राच्या दरबारात नन्नय याने महाभारत तेलुगूत आणायला आरंभ केला. तेलुगू लोक त्याला आदिकवी म्हणतात. मराठी साहित्याची पहाट नदीच्या वरच्या अंगाला आणि तेलुगू साहित्याची खालच्या अंगाला, एकाच गोदावरीच्या काठी झाली. परंपरा खाली नाही, असे आपल्याला वाटले, ते ती दुसऱ्या भाषेत असल्यामुळे.

उत्तर 4 (लेखन: पंचवटी, नाशिक)

थोडी भर घालतो. नाशिककरांना पूर किती आला हे आकड्यांत सांगावे लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला, की डोक्यावरून गेला, हे आमचे माप आहे. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले असे कोणी म्हणाले की सगळे शहर नदीकडे धावते. मोठ्या पात्राच्या नदीला असे माप लाभत नाही, हे वरच्या अध्यापकांच्या म्हणण्याला पूरकच आहे.

मात्र नदी जवळ असण्याची दुसरी बाजूही आहे. रामकुंडाच्या परिसरातील जुन्या कुंडांना खालून झरे होते. तळ सिमेंटने झाकला गेला आणि ते झरे कोंडले. अरुणा ही रामकुंडापाशी मिळणारी छोटी नदी आज कोणाला दाखवता येत नाही. सिंहस्थाला लाखो लोक जेथे स्नान करतात तेथे बहुतेक दिवस धरणातून सोडलेले पाणी असते.

प्रश्नकर्त्याचे पुढील लेखन (गंगाकाठ)

सर्वांचे मनापासून आभार. नन्नयाविषयी मला काहीच माहिती नव्हती. काल संध्याकाळी घाटावर गेलो आणि येथील सहकाऱ्यांना विचारले, तर त्यांनी तासभर सांगितले. पुष्करमविषयीही तेव्हाच कळले. गुरू सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ आणि येथे गोदावरी पुष्करम. 2015 मध्ये 14 जुलैला त्र्यंबक-नाशिकला ध्वजारोहण झाले, त्याच दिवशी राजमहेंद्रीला पुष्करम सुरू झाले होते. आता 2027 मध्ये पुन्हा तो योग आहे. माझ्या आजीने तिचा शेवटचा सिंहस्थ त्र्यंबकला केला होता. तिच्या नावाने या वेळी मी येथे उतरेन.

अभियंता सरांना एक शेवटचा प्रश्न विचारतो. मे महिन्यात आमच्याकडे पात्र कोरडे असते, पण राजमहेंद्रीला तेव्हाही पाणी दिसते आणि कालवे वाहत असतात. त्यात गंगाखेडचे पाणी थोडे तरी असते का?

उत्तर 5 (लेखन: निवृत्त अभियंता, जलसंपदा)

नसते, हे खेदाने सांगावे लागते. उन्हाळ्यात आपल्या भागातील जे काही पाणी उरते ते नाथसागर, त्याखालचे उच्च पातळी बंधारे आणि नांदेडचे विष्णुपुरी यांच्या मागे थांबलेले असते. त्यापुढे धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा, आणि तेथून तेलंगणातील श्रीराम सागर जलाशय. बाभळीचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवून दिले आहे. ते पाणीही श्रीराम सागरापुढे जात नाही.

राजमहेंद्रीला आपण उन्हाळ्यात जो विस्तार पाहता तो धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने थोपवलेला फुगवटा आहे. आर्थर कॉटन यांनी 1852 मध्ये तेथे पहिला बंधारा पूर्ण केला आणि वारंवार दुष्काळाने होरपळणारा तो त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. त्यांचे पुतळे आपल्याला गावोगावी दिसत असतील. रब्बीत तेथील कालव्यांना पाणी येते ते मुख्यतः सिलेरू नदीवरील जलविद्युत केंद्रांतून सोडलेले. सिलेरू शबरीला मिळते आणि शबरी गोदावरीला. म्हणजे मे महिन्यात आपल्या घाटावर जे पाणी असते ते ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरील पूर्व घाटातून आलेले असते.

गंगाखेडचे पाणी पाहायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाथसागराचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आठ-दहा दिवसांनी घाटावर जावे. बरेचसे पाणी तेव्हा वाटेत श्रीराम सागरात अडते, पण तोही भरलेला असेल तर पुढे सुटते. त्या दिवसांत राजमहेंद्रीला गढूळ लाल पाण्यात थोडे काळपट पाणी मिसळलेले असते. लाल माती खालच्या नद्यांची, आणि काळी आपल्या रानांतली.